सुटला, तर कुणावर धावेल?

लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या वशीकरणाच्या जाहिराती तुम्हीही वाचल्या असतीलच. पती, प्रेयसी, सासू, सवत, साहेब... कुणालाही वश करून देणारे बाबा, आणि खाली मोबाइल नंबर. चोवीस तासांत काम, वर शंभर टक्के गॅरंटी! मला त्या गॅरंटीचं फार हसू येतं. कारण मी स्वतः दर रविवारी सकाळी वशीकरण करते, आणि माझ्या वशीकरणाला सहा सेकंदांचीसुद्धा गॅरंटी नसते.

मैत्रिणींनो, दचकू नका. मी वश करते ते बेडकांना. आणि तेही कॉम्प्युटरवर.

'एव्हरक्वेस्ट' नावाचा एक ऑनलाइन गेम आहे. १६ मार्च १९९९ रोजी तो अमेरिकेत सुरू झाला. नॉराथ नावाचं एक काल्पनिक जग, त्यात एल्फ, बुटके, राक्षस, ड्रॅगन, आणि एकाच वेळी हजारो माणसं आपापल्या घरून त्या जगात वावरतायत, असा तो प्रकार. त्यातल्या एका शहराचं नाव 'क्यूनॉस'. इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचलं की 'सोनी ईक्यू' असं निघतं! गेम तेव्हा सोनीच्या घरचा होता, त्याची ही गंमत. आज तो डेब्रेक या कंपनीकडे आहे आणि अजूनही चालतो. शिवाय जुन्या नियमांवर जीव असणाऱ्या काही हौशी मंडळींनी २००९मध्ये 'प्रोजेक्ट १९९९' नावाचा फुकट सर्व्हर सुरू केला. तिथे सगळं सुरुवातीच्या वर्षांत होतं तसंच, म्हणजे तितकंच कठीण ठेवलेलं आहे. २०१५मध्ये डेब्रेकनं त्याला रीतसर परवानगीही दिली. आम्ही तिथे खेळतो. आम्ही म्हणजे ठाण्यात मी आणि न्यू जर्सीत माझी भाची. माझी रविवारची सकाळ ही तिची शनिवारची रात्र. कानात फोन, समोर लॅपटॉप, बाजूला चहा.

या जगात शिरताना प्रत्येकानं एक पेशा निवडायचा. कुणी योद्धा होतो, कुणी आगीचे गोळे फेकणारा विझर्ड, कुणी जखमा बऱ्या करणारा क्लेरिक. भाची क्लेरिक आहे. मी एन्चँटर, म्हणजे मोहिनी घालणारी. अंगावर साधे कापडी कपडे, चिलखत नाही, ताकद नाही. एखाद्या आडदांड राक्षसानं चार फटके दिले की खेळ आटोपला. पण त्याच राक्षसाला भुरळ घालून आपल्या बाजूनं लढायला लावता येतं. याला म्हणायचं चार्म, आणि असा वश झालेला प्राणी म्हणजे आपला 'पेट'.

आता पाळलेले सोबती इतरांकडेही असतात. मॅजिशियन आग-पाणी-वारा यातून आपला सोबती घडवतो, नेक्रोमॅन्सर सांगाडा उठवतो. ते सोबती आज्ञाधारक, मरेपर्यंत इमानी. एन्चँटरलाही तसा एक मिळतो, ढाल-तलवार घेतलेली एक हवेतली आकृती. गंमत म्हणजे ती इमानी असते, पण ऐकत नाही! 'हल्ला कर' म्हटलं तर ढिम्म. आपल्यावर कुणी हात उचलला तरच ती हलणार. याउलट चार्म केलेला पेट सगळं ऐकतो. 'बस' म्हटलं की बसतो, 'इथेच थांब' म्हटलं की थांबतो, हल्ला करायला सांगितलं तर वर 'मास्टर' म्हणून उत्तर देतो. आणि मग मध्येच कधीतरी मोहिनी उतरते, आणि तोच पेट वळून आपल्यावर धावून येतो. ऐकणारा आणि टिकणारा असे दोन्ही गुण एका पेटमध्ये मिळत नाहीत. एका वेळी पेटही एकच, त्यामुळे ऐकणारा हवा तर त्या इमानी आकृतीला निरोप द्यायचा.

या मंत्रांची नावं ऐकण्यासारखी आहेत. बाराव्या लेव्हलला मिळतो तो नुसता 'चार्म'. पुढे 'बिगाइल', मग 'कजोलिंग व्हिस्पर्स', म्हणजे लाडीगोडीची कुजबुज, आणि मग 'अल्युअर'. विझर्डच्या मंत्रांना आग, बर्फ, वीज अशी दणदणीत नावं, आणि आमच्या वाट्याला अशी, जी पुरुषांनी वर्षानुवर्षं बायकांबद्दल वापरली. आमच्या पेशाचा एक गुणही आहे, 'करिश्मा'. तो जास्त असला तर गेममधला दुकानदारसुद्धा भाव बरा देतो. हे वाचून नवख्यांना वाटतं, की एन्चँटर म्हणजे डोळे मिचकावणं आणि गोड बोलणं. माझ्या अनुभवात या कामात गोडवा कुठेही लागत नाही. लागतं ते गणित, घड्याळ आणि कूस बदलणाऱ्या तान्ह्या बाळाकडे असतं तसं लक्ष.

कारण चार्मचा हिशेबच तसा आहे. गेम दर सहा सेकंदांनी आतल्या आत फासे टाकतो. प्राण्याचा प्रतिकार जिंकला की मोहिनी संपली. कागदोपत्री चार्म वीसेक मिनिटं टिकू शकतो. प्रत्यक्षात कधी पंधरा मिनिटं, कधी दोन, आणि कधी पहिल्या सहा सेकंदांतच 'युवर चार्म स्पेल हॅज वोर्न ऑफ' अशी ओळ पडद्यावर येते. एन्चँटरकडे गुंगीचा मंत्र असतो. तो सुरुवातीचा चोवीस सेकंदांचा, पुढचा अठ्ठेचाळीसचा. मध्ये कुणी धक्का लावला नाही तर गुंगी ठरल्या वेळी उतरते. दुधावर नजर ठेवावी तशी तिच्यावर ठेवता येते. चार्मला असं काही नाही.

म्हणून पहिला प्रश्न, निवडायचा कुणाला? नवखा एन्चँटर सगळ्यात दांडगा प्राणी निवडतो. साहजिकच आहे. राबायचं त्यानं, मग ताकदवानच हवा ना! पण जितकी त्याची लेव्हल आपल्या जवळची, तितकी मोहिनी झटकून टाकायची त्याची शक्यता जास्त. शिवाय प्रत्येक मंत्राला मर्यादा असते, ठरावीक लेव्हलच्या वरच्या प्राण्यावर तो चालतच नाही. गेममध्ये समोरच्याला नुसतं निरखलं तरी रंग कळतो. लाल आणि पिवळा म्हणजे आपल्याहून वरचढ, पांढरा बरोबरीचा, निळा आपल्यापेक्षा कमी, हिरवा अगदीच किरकोळ. मला निळाच लागतो. हिरवा टिकतो छान, पण त्याच्या हातून काही होत नाही.

दुसरं बघायचं ते त्याचा धंदा. आम्ही बहुतेक वेळा गुक नावाच्या ठिकाणी असतो. ते दलदलीखालचं बेडूकमाणसांचं जुनं शहर. खालच्या भागात एकीकडे जिवंत बेडूक आणि दुसरीकडे मेलेले, म्हणजे भुतं झालेले! त्यांच्या नावातच धंदा लिहिलेला असतो, कुणी नाइट, कुणी शमन, कुणी विझर्ड. मंत्र जाणणारा पेट घेऊ नये, असं माझं ठाम मत झालंय. तो लढता लढता स्वतःच्या मर्जीनं मंत्र टाकत बसतो. ते एक वेळ चाललं. पण सुटला की लांबूनच आपल्यावर टाकतो, त्याला जवळ यायचीही गरज नाही. हातानं मारणारा निदान चालत येतो. त्या चालण्यात आपल्याला दोन सेकंद मिळतात, आणि आमच्या धंद्यात दोन सेकंद म्हणजे पुष्कळ.

(हे वशीकरण काही आमची एकटीची मक्तेदारी नाही. ड्रुइड जनावरांना वश करतात, नेक्रोमॅन्सर भुताखेतांना, आणि बार्ड चक्क गाणं म्हणून. पण बार्डला सतत गात राहावं लागतं. गाणं थांबलं की श्रोता अंगावर! आमच्या सोसायटीच्या कराओकेत हे उलटं होतं. असो.)

निवड झाली की तयारी. एका वेळी आठच मंत्र हाताशी ठेवता येतात. पुस्तकात पन्नास असोत, खिडक्या आठ. त्यामुळे कुठले आठ, यावर बराच खल होतो. माझ्या आठांत चार्म असतोच. त्याच्या आधी टाकायचा एक मंत्र, टाशानी, जो प्राण्याचा प्रतिकार खाली आणतो. हा टाकल्याशिवाय चार्म करणं म्हणजे फोडणी न करता आमटी. मग गुंगी. मग आपल्या भोवतालच्या सगळ्यांना काही सेकंद झिणझिण्या आणणारा 'कलर फ्लक्स'. मग आपल्या अंगावरचे फटके झेलणारं मंत्राचं कवच. मग पाय जमिनीला खिळवणारा 'रूट'. उरलेल्या दोनांत वेग वाढवणारा मंत्र आणि अदृश्य होण्याचा मंत्र.

यातल्या वेग वाढवणाऱ्या मंत्रावर एन्चँटर मंडळींत मतभेद आहेत. तो पेटवर टाकला की त्याच्या अंगात वारं शिरतं. फटके दुप्पट जोमानं पडू लागतात, समोरचा शत्रू लवकर आडवा होतो. हातात शस्त्र दिलं तर तेही तो वापरतो. पण चार्म सुटला म्हणून वेगाचा मंत्र उतरत नाही, आणि दिलेलं शस्त्रही तो परत करत नाही. आपणच पाजलेलं दूध, आपणच दिलेली काठी, आणि पाठ आपलीच! म्हणून काही जण पेटला काहीच देत नाहीत. काही जण सगळं देतात आणि नशिबावर सोडतात. मी कालपरवापर्यंत वेग द्यायची, शस्त्र नाही. इथे घरातल्या माणसांची उदाहरणं द्यायचा मोह मला होतोय. पण माझं सदर घरातलीही मंडळी वाचतात.

आता प्रत्यक्ष सुटतो तेव्हा काय होतं? पेट शत्रूशी लढत असतो. ओळ येते. पेट लढाई सोडून आपल्याकडे वळतो. आणि ज्याच्याशी तो लढत होता, त्यालाही आता मारायला दुसरं कुणी नाही, तोही आपल्याकडेच येतो. म्हणजे एकाचे दोन झाले. आपण मंत्र म्हणायला घ्यावा, तर म्हणताना फटका बसला की मंत्र तुटतो. म्हणून आधी दोघांना जवळ येऊ द्यायचं (हे शिकायला फार दिवस लागतात, कारण पाय आपोआप पळायला लागतात), मग कलर फ्लक्स. दोघंही काही सेकंद स्तब्ध. तेवढ्यात शत्रूला गुंगी द्यायची, आणि पेटला पुन्हा चार्म करायचं. नीट जमलं तर सगळं दहा-बारा सेकंदांत आवरतं आणि बाजूच्याला कळतही नाही. न जमलं तर मरण.

आणि या गेममधलं मरण बाकीच्या गेमसारखं स्वस्त नाही. मेल्यावर कमावलेल्या अनुभवातला काही भाग जातो, कधी अख्खी लेव्हल खाली येते. आपण दूर कुठल्या तरी गावाच्या वेशीवर उघडेवाघडे उभे राहतो, आणि आपलं सगळं सामान तिकडे, मेलो तिथे, आपल्याच प्रेतावर. ते आणायला पुन्हा त्याच बेडकांच्या गर्दीतून, यावेळी अंगावर काही नसताना जायचं. एखादा रविवार असाच गेला तर सोमवारी ऑफिसात चेहरा का उतरलाय, हे कुणाला सांगणार? 'प्रेत आणायचं राहिलंय' असं डबा खाताना सांगून बघा.

म्हणूनच अनोळखी माणसांच्या ग्रुपमध्ये चार्म करणाऱ्याला बऱ्याचदा थंडच स्वागत मिळतं. सहा जणांचा जीव एकाच्या मोहिनीवर टांगलेला, कुणाला आवडेल? एका ग्रुपच्या म्होरक्यानं मला आल्या आल्या बजावलं होतं, गुंगी द्या, मन भरपूर सावरा, पण ते बेडूकबिडूक नको. 'मन' म्हणजे मंत्रशक्ती, माना, बरं का. मी बरं म्हटलं आणि गुंगी देत बसले. त्याचंही काही चुकलं नव्हतं. पण चार्म येणारी एन्चँटर आणि तिच्या पाठीशी एक भरवशाची क्लेरिक, अशा दोघीच जिथपर्यंत पोचतात, तिथे पोचायला इतरांना चार-पाच माणसं लागतात. आम्ही दोघी पोचायचो.

दिवसअखेरीचं सांगायचं राहिलं. खेळ थांबवताना पेटचं काय करायचं? पेट बऱ्यापैकी जखमी झाला की एन्चँटरनं स्वतःवर अदृश्य होण्याचा मंत्र टाकायचा. आपण अदृश्य झालो की मोहिनी आपोआप तुटते, आपल्याला हव्या त्या क्षणी. मग तासभर आपल्यासाठी राबलेल्या त्या अर्धमेल्या बेडकाला मारायचं, कारण त्याचाही अनुभव मिळतो. कामापुरता मामा! पहिल्यांदा भाचीनं हे करायला सांगितलं तेव्हा मी चक्क नको म्हटलं होतं. 'आत्या, तो आकडा आहे, बेडूक नाही,' ती म्हणाली. खरंच आहे ते. अर्ध्या तासाच्या आत त्याच कोपऱ्यात त्याच नावाचा नवा बेडूक उभा असतो, त्याला आधीचं काही माहीत नसतं. तरी तेवढ्या एका मंत्राच्या वेळी मी चहाकडे बघते.

आमच्या दोघींत सुरुवातीपासून एक करार होता. चार्म सुटला आणि दोनदा प्रयत्न करूनही बसला नाही, तर तिनं 'गेट' करायचं. गेट म्हणजे क्षणात दूर सुरक्षित जागी पोचवणारा मंत्र, तो तिच्याकडे असतो. दोघींनी मरण्यात अर्थ नाही. तिचं जिवंत राहणं जास्त गरजेचं, कारण मेलेल्याला परत उठवायची विद्या क्लेरिकला येते, आणि त्यात गेलेला अनुभवही बराचसा परत मिळतो. मी मेले तर ती मला उठवेल, ती मेली तर दोघींचं कठीण. साधा व्यवहार.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. गुकच्या खालच्या भागात एक नाइट बेडूक माझ्याकडे होता. निळा, पण गडद निळा, माझ्यापेक्षा जेमतेम दोन लेव्हल कमी. अंगात वेगाचं वारं. त्याच्या जोरावर तासभर झकास चाललं होतं. भाची बोलत होती. एरवीच्या फोनवर ती 'सगळं ठीक' यापलीकडे जात नाही. खेळताना हात आणि डोळे गुंतलेले असले की तिचं बोलणं सुटतं. तिच्या कंपनीत माणसं कमी करणं चाललं होतं, आपलं नाव यादीत असेल असं तिला वाटत होतं, आणि हे तिनं आईला सांगितलेलं नव्हतं. मी हं हं करत होते. पेट दुसऱ्या एका नाइटशी भिडलेला, आणि तेवढ्यात कोपऱ्यावरून फिरत फिरत तिसरा बेडूक आला. ती ओळही तेव्हाच पडली.

'सुटला गं!'

'बघितलं.'

कलर फ्लक्स टाकला. तिघंही गपगार. फिरत आलेल्याला गुंगी दिली, ती बसली. चार्म टाकला, पेटनं झटकला. दुसऱ्या नाइटला तिनं स्वतःच्या अंगावर घेतला होता आणि स्वतःलाच बरं करत उभी होती. पेटचे फटके सुरू झाले, कवच फुटलं. पुन्हा कलर फ्लक्स, पुन्हा चार्म. पुन्हा झटकला.

'दोन झाले. गेट कर,' मी म्हटलं.

ती काही बोलली नाही. पडद्यावर तिचे हात हलले, आणि माझ्या पेटचे पाय जमिनीला खिळले. रूट. तो जागचा हलू शकत नव्हता, पण मी त्याच्या हाताच्या टप्प्यात होते. मी चार पावलं मागे गेले. आता मला तो दिसत होता, मारू शकत नव्हता. न तुटता मंत्र म्हणायला मिळाला, आणि तिसऱ्यांदा चार्म बसला. तिचं आयुष्य तेव्हा पट्टीवर बोटभरसुद्धा उरलं नव्हतं. पेटला तिच्या अंगावरच्या बेडकावर सोडला, आणि मग आम्ही दोघी बराच वेळ नुसत्या बसून राहिलो, मंत्रशक्ती भरून यायची वाट बघत.

'गेट का नाही केलंस?' मी विचारलं.

'आज लावलंच नव्हतं.'

'म्हणजे?'

'आठच खिडक्या आहेत ना आत्या. गेटच्या जागी मी रूट लावते. बरेच दिवस झाले.'

म्हणजे आमचा करार तिनं केव्हाच मोडला होता, आणि मी इतके रविवार ती निघून जाईल या हिशेबानं पेट निवडत होते. मी तिला रागावले नाही. वाद घालून ती गेट परत लावेल, असंही मला वाटलं नाही.

तेव्हापासून माझा बेडूक माझ्यापेक्षा चार-पाच लेव्हल खालचा असतो, आणि वेगाचा मंत्र मी काढून टाकलाय. त्या खिडकीत आता दुसरी, जास्त वेळ टिकणारी गुंगी आहे. निवडताना मी मनातल्या मनात तो सुटलेला बघते. आधी माझ्यावर, मग तिच्यावर. दोघींना झेपेल असं वाटलं तरच टाशानी टाकते. अनुभव सावकाश मिळतो. एका लेव्हलला पूर्वी लागायचे त्याच्या दुप्पट रविवार लागतात, आणि भाची मधूनमधून कुरकुरते, 'आत्या, काय हा बारीक बेडूक शोधलायस!'

'असू दे गं,' मी म्हणते. 'यादीचं काय झालं, ते सांग.'